ओढ्याच्या वाटेची फाइल

कळमनुरी
१४ नोव्हेंबर २००७

प्रभू,

ओढ्याच्या वाटेच्या केसला तारीख मिळाली. सतरा डिसेंबर, सोमवार, सकाळी अकरा. तहसीलमधले अव्वल कारकून लालसिंग चव्हाण यांनी आज दुपारी रजिस्टर उघडून दाखवलं, म्हणून खात्रीनं लिहितो. अर्जदार तुझे वडील, नामाजी मामा. समोरचे उकंडराव, म्हणजे आमचे अण्णा, माझे सख्खे चुलते.

दुसरी गोष्ट. २००१च्या उन्हाळ्यात अण्णांच्या शेतात जे बोलणं झालं, ते मी खिशातल्या रेकॉर्डरवर घेतलं होतं. मशीन बिघडलं आणि ते रेकॉर्डिंग गेलं, असं २००३ साली तुम्हाला सांगण्यात आलं होतं. ते गेलेलं नाही. दिवाळीची आवराआवर करताना एक सीडी हाती लागली. मागच्या वर्षी जुना काँप्युटर काढला तेव्हा त्यातलं सगळं तिच्यावर उतरवून घेतलं होतं. त्यात ती फाइल आहे. तारीख बराबर आहे, ११ मे २००१.

पण ती उघडत नाही. तो रेकॉर्डर आवाज स्वतःच्याच प्रकारच्या फायलीत साठवायचा. ती फाइल वाचणारं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवर चालायचं, नव्यावर चालत नाही. रेकॉर्डर तर केव्हाच गेला. नव्या काँप्युटरवर क्लिक केलं की पाटी येते, हा प्रकार ओळखता येत नाही. पाच दिवस रोज एकदा क्लिक करून पाहिलं. पाटी तीच येते.

अर्जासोबत निवेदन जोडावं लागेल, म्हणून हकिकत क्रमानं लिहून काढली आहे. चुकलं असेल तर कळव.

'त्या उन्हाळ्यात नामाजी यांची एकशे ऐंशी मेंढरं उकंडराव यांच्या सात एकरांत अकरा दिवस बसवली होती. लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्यानं धान्य द्यायचं, ही रीत. त्या वर्षी नामाजींनी धान्य घेतलं नाही. त्याऐवजी उगवतीच्या बांधानं ओढ्यापर्यंत, मेंढरांना पाण्यावर न्यायला वाट मागितली. उकंडरावांनी बेल-भंडारा उचलून ती पिढीजात दिली. कागद झाला नाही. २००३ साली शेताला कालव्याचं पाणी आलं, केळी लागली, तारेचं कुंपण पडलं आणि वाट बंद झाली. तेव्हापासून पाण्यासाठी चार किलोमीटरचा वळसा पडतो. आज मेंढरं बेचाळीस आहेत.'

बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडायचा नसतो, हे निवेदनात वेगळं लिहावं लागेल का, कळत नाही. तहसीलदार साहेब कोकणातले आहेत.

तू पुण्याला जाऊन चार वर्षं झाली. पत्ता तुझ्या बहिणीकडून, दीपमालाकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. ती आधी नाहीच म्हणाली होती.

विश्वंभर

कळमनुरी
२२ नोव्हेंबर २००७

प्रभू,

फाइल उघडली. काल दुपारी सव्वातीनला, बसस्टँडसमोरच्या रतनसिंग राठोडच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये. आवाज अण्णांचाच आहे, आणि तो माझ्याआधी रतनसिंगनं ओळखला.

"हे तं उकंडराव पाटील! इलेक्शनला आमच्या तांड्यावर यायचे तं असेच खाकरायचे. आधी खाकरा, मंग वचन."

मी हसलो नाही. त्याला वाटलं मला राग आला, म्हणून त्यानं चहा मागवला.

एवढ्याशा कामाला आठ दिवस गेले. माझी मुलगी प्रतिक्षा नांदेडला इंजिनिअरिंगला आहे, तिला फोन केला होता. ती म्हणाली, "बाबा, त्या कंपनीनं आवाज स्वतःच्या भाषेत लिहून ठेवला आणि ती भाषा दुसऱ्या कुणालाच शिकवली नाही."

"मग आता?"

"आता ती भाषा येणारा एखादा म्हातारा शोधायचा. काँप्युटर म्हणतेय मी."

असा म्हातारा रतनसिंगकडे निघाला. विंडोज ९८चा, पिवळा पडलेला. टायपिंगच्या मुली त्याच्यावर हात बसवतात. वीज असे तेव्हा मुली असत, मुली नसत तेव्हा वीज नसे. भारनियमन दिवसाला आठ तासांवर गेलं आहे. त्यात मला रोज सहाच्या आत बातम्या पाठवायच्या असतात, सोयाबीनचा भाव आणि कुठं ना कुठं उलटलेली जीप. तीनदा गेलो, तीनदा परत आलो. चौथ्या खेपेला सॉफ्टवेअरची सीडी त्यानं चालवली आणि फाइल बोलली.

ती बाहेर काढणं आणखी अवघड. जाताना एका फ्लॉपीत मावली होती. उघडून साध्या आवाजात केली तर वीसपट फुगली, मग फ्लॉपीत मावेना. पेन ड्राइव्ह तो काँप्युटर ओळखत नाही. शेवटी रतनसिंगनं स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याची हार्डडिस्कच सोडवली आणि आपल्या नव्या काँप्युटरला लावली. "पेशंटला नेता येईना, तं काळीजच काढून नेतो," म्हणाला.

तिथं प्रतिक्षानं फोनवर एकेक पायरी सांगितली आणि आवाज 'ऑग' नावाच्या प्रकारात केला. त्या प्रकाराची कृती उघडी असते. कुणीही वाचावी, कुणीही त्यावर सॉफ्टवेअर लिहावं, फुकट. कंपनी राहो न राहो, फाइल वाचणारा कुणीतरी सापडतोच. मी तिला विचारलं, कोर्टात चालेल का? ती म्हणाली, "चालेल म्हणजे वाजेल. पुढचं मला माहीत नाही."

जुन्या सॉफ्टवेअरमधून आवाज काढताना रतनसिंगनं विचारलं होतं, "मधलं रिकामं काढून टाकू का? हितं खूण करायची सोय हाय. फाइल आटोपशीर होते." मी म्हणालो, काढ. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोलण्यातलं रिकामं काढत आलोय, त्यात वेगळं काही वाटलं नाही. फाइल पाच मिनिटं चाळीस सेकंदांची झाली. वाट द्यायचं वाक्य तिच्यात स्वच्छ आहे.

मागच्या पत्रात एक दुरुस्ती. रेकॉर्डिंग गेलं असं 'सांगण्यात आलं होतं' असं मी लिहिलं. कुणाचं नाव घ्यायचं नसलं की आम्ही बातमीत असं लिहितो. सांगितलं मी. तू आणि मामा माझ्या ऑफिसात समोरच्या बाकावर बसला होता.

विश्वंभर

कळमनुरी
२९ नोव्हेंबर २००७

प्रभू,

फाइल खरी नाही, असं मामीचं, तुझ्या आईचं, म्हणणं आहे. काल तिनं दोनदा ऐकली आणि दोन्ही वेळा तेच सांगितलं.

प्रतिक्षाचा जुना लॅपटॉप घेऊन डोंगरकड्याच्या जीपनं गेलो. मामा मेंढरांच्या वाड्यापाशी कोकराला पाजत होते. त्यांचे कान आता पार गेलेत हे मला माहीत नव्हतं. मी वाकून मोठ्यानं नमस्कार म्हणालो, तर ते म्हणाले, "हाव, थंडी पडली."

मामीनं मला आत ये म्हटलं नाही. बाहेरच घोंगडी टाकली. मी लॅपटॉप उघडला, अण्णांचा आवाज सुरू झाला आणि तिनं पदर तोंडाला लावला. पहिल्यांदा मला वाटलं, रडून राहिली. ती ऐकत होती. फाइल संपली तसं म्हणाली, "आवाज त्याहिचाच हाय. पर हे असं न्हाई झालं."

"म्हणजे काय, मामी?"

"ह्याच्यात भंडारा न्हाई."

"भंडाऱ्याचा आवाज कसा येईल?"

"येत न्हाई तेच म्हनते ना. परत लाव." परत लावली. तिनं बोट वर केलं. "हां, आता म्हनले बग, 'ही वाट तुमाला देली.' मंग थांबले व्हते. पान उचललं, भंडारा घेतला, कपाळाला लावला, ह्याहिच्या कपाळाला लावला. तवर कोनी बोललं न्हाई. मेंढरंच काय ती बोलत व्हती. आन मंग म्हनले, 'पिढीजात.' तुह्या मशीनीत दोन्ही एका दमात म्हनले. असं एका दमात तं मानूस बाजारात बोलते."

मी तिला खूण करून रिकामं काढायची सोय समजावून सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग उकंडरावाचा पोरगा म्हनन ना, तुमी जोडलंय म्हनून. आन ते बराबरच हाय की. जोडलंयच तुमी."

तिचं खरं आहे. सात मिनिटांतला दीड मिनिट मी एका खुणेनं काढला आणि जो भाग काढला त्यालाच शपथ म्हणतात.

निघताना तिनं एक गोष्ट सांगितली. दिवाळीनंतर शेजारच्या आशाबाईच्या मोबाइलवर तुझा फोन आला होता. माझी पत्रं तुला मिळतात का, हे मी विचारलं नव्हतं. ती आपण होऊन बोलली. "म्हनला, पत्र आलं. म्हनला, अजून खरं लिहिलं न्हाई त्यानं."

तर लिहितो.

२००३च्या जूनमध्ये तुम्ही दोघं आलात, तेव्हा ती फाइल माझ्या टेबलावरच्या काँप्युटरमध्ये होती. एका क्लिकवर वाजत होती. रेकॉर्डर बिघडला नव्हता. त्या सकाळी अण्णांचा फोन आला होता, "तुह्याकडं काही असंल तं सांभाळून ठेव." पुसून टाक असं ते म्हणाले नाहीत. ते कधीच तसं म्हणत नाहीत. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो, त्यानंतर मी अण्णांच्या ताटात जेवलो. हे तुला माहीत आहे. तू तेव्हा माझ्या वर्गात होतास.

तुम्ही जिना उतरून गेलात आणि मी फाइल लावून ऐकली. पूर्ण. मग सहाची डेडलाइन होती म्हणून कामाला लागलो.

मागच्या वर्षी काँप्युटर बदलला आणि फाइल उघडेना. तेव्हा मला हायसं वाटलं. तीन वर्षांपूर्वी सांगितलेलं आता खरं झालं, असं वाटलं. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

विश्वंभर

कळमनुरी
७ डिसेंबर २००७

प्रभू,

पूर्ण फाइल तयार आहे. सात मिनिटं अकरा सेकंद. मूळ फाइलवरून नव्यानं केली आणि लांबी सेकंदाला सेकंद जुळते हे प्रतिक्षानं स्वतः तपासलं. ती रविवारी त्याच्यासाठीच आली होती.

तिनं ह्या वेळी प्रकारही बदलायला लावला. ऑग उघडा असला तरी फाइल लहान करताना थोडं गाळतो, म्हणाली. आधीच गाळलेला आवाज दुसऱ्यांदा कशाला गाळायचा? त्याच कुळीचा 'फ्लॅक' म्हणून प्रकार आहे, तो काही म्हणजे काही टाकत नाही. जागा जास्त खातो, खाऊ दे. मी रतनसिंगच्या दुकानात पुन्हा उभा राहिलो, पुन्हा हार्डडिस्क सोडवली. टायपिंगच्या मुली ताटकळत बाहेर बसल्या. एक जण म्हणाली, "सर, तुमच्यामुळं आमचं स्पीड कमी होऊन राहिलं." रतनसिंगनं खुणेची चौकट मला दाखवून दाखवून रिकामी ठेवली. "बघा बरं साहेब, न्हाई तं परत येसाल."

तीन सीड्या केल्या. प्रत्येकीत मूळ बंद फाइल, नवी फ्लॅक, आणि ती वाजवणारं फुकट सॉफ्टवेअर. एक तहसीलसाठी, एक मामीसाठी, एक तुझ्यासाठी ह्या पाकिटात आहे. ती वाजवायला माझी किंवा कुणाची परवानगी लागत नाही.

'ही वाट तुमाला देली' आणि 'पिढीजात' यांच्यामध्ये आता एकोणीस सेकंद आहेत. त्यात मेंढरं आहेत, वारा आहे, कुणीतरी खोकतं. भंडारा तिथं आहे.

परवा अण्णांकडे गेलो. तहसीलमध्ये वाजवायच्या आधी त्यांना ऐकवणं मला योग्य वाटलं. तुला हे आवडणार नाही, पण त्यांच्या पाठीमागं केलं असतं तर मला आवडलं नसतं. आता ते एक्याऐंशीचे आहेत. ओट्यावर उन्हात बसले होते. काकूनं नेहमीसारखं विचारलं, "जेवून जाशील ना?" अण्णांचा थोरला मुलगा दारात उभा होता. तो ह्या बाबतीत माझ्याशी बोलत नाही.

अण्णांनी पूर्ण ऐकलं. मधे एकदाही हात वर केला नाही. संपल्यावर म्हणाले, "तव्हा दात व्हते मला."

थोरला म्हणाला, "काँप्युटरवर काय बी करता येते, दादा. कोनाचा बी आवाज काढता येते."

"तू गप," अण्णा म्हणाले. मग मला, "परत लाव. ते मधलं."

मधलं लावलं. एकोणीस सेकंद आम्ही तिघांनी ऐकले. मग अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "मशीनीला खोटं म्हनता येते. हा म्हनून राहिलाच हाय. पर ह्याच्यात तुहा बी आवाज हाय, विश्वंभर. बारीक हाय. पर हाय."

मी लॅपटॉप मिटला. काकू ताटं घेऊन आली. मी जेवलो. वरण-भाकरी, ठेचा, मेथीची भाजी होती. न जेवता उठणं मला जमलं नाही.

अण्णा असं का म्हणाले ते पुढच्या पत्रात नीट लिहितो. आज वीज जायची वेळ झाली.

विश्वंभर

गावातून
१५ डिसेंबर २००७

प्रभू,

सोमवारी साक्षीदार म्हणून माझं नाव लागलं आहे. काल साडेचारला मी सही केली आणि लालसिंग चव्हाणांनी ती रजिस्टरला घेतली. मामांनंतर लगेच माझा नंबर.

हे असं होईल असं मला वाटलं नव्हतं. मी सीडी घेऊन गेलो होतो. लालसिंगनी ती उलटसुलट करून पाहिली.

"ह्याच्यात काय आहे?"

"उकंडरावांचा आवाज. वाट दिल्याचा."

"आवाज घेऊ आपण, नाही म्हणत नाही. साहेबांना वाटलं तर ऐकतील. पण हा आवाज कुणी भरला, कुठं भरला, तिथं कोण कोण होतं, हे कुणी सांगायचं? सीडी तर सांगणार नाही."

मी म्हणालो, रतनसिंग राठोड सांगतील, त्यांच्याकडे फाइल बदलली.

"अहो, बदलली कुठं ते नाही विचारलं. बोलताना कोण होतं तिथं?"

त्यांच्यामागं खिडकीत दोन शिपाई चहा पीत होते. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "पेपरवाले सगळ्याहिचं विचारतेत. ह्याहिला इचारलं का बंद." मी फॉर्म मागून घेतला.

आता मागच्या पत्रात राहिलं ते लिहितो. त्या एकोणीस सेकंदांत भंडारा आहे एवढंच मी लिहिलं. त्याच्या शेवटी, 'पिढीजात' म्हणायच्या आधी, अण्णा हळू आवाजात मला विचारतात, "ह्यो साक्ष हाय. काय रे?" आणि मी म्हणतो, "व्हय, अण्णा." दोन्ही आवाज बारीक आहेत. रिकामं काढायच्या खुणेनं ते रिकाम्यातच धरले आणि काढून टाकले. रतनसिंगनं विचारलं तेव्हा ते जातील हे मला ठाऊक नव्हतं. पण पाच मिनिटं चाळीस सेकंदांची फाइल मी त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकली, आणि माझं 'व्हय' त्यात नाही हे मला लगेच कळलं होतं. मामीला भंडारा नसल्याचं कळायच्या सात दिवस आधी. मी गप्प राहिलो. ह्यापुढं माझ्याकडं लपवायला काही उरलेलं नाही.

आज सकाळी पूर्ण फाइल घेऊन तुझ्या घरी आलो. मामीनं ह्या वेळी आत बोलावलं. फाइल सुरू झाली, ती थांबण्याची जागा आली, तसा तिनं हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, "हाय. हितं उचलला." त्यापुढं माझा आवाज आला. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं.

मामांना ऐकू येत नाही. ते आमच्या तोंडाकडं बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी तिला कोपर मारलं. "काय म्हनते मशीन?"

ती त्यांच्या कानात ओरडली, "बराबर म्हनते! भंडारा हाय!"

"मशीनीचं ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. माझ्याकडं बोट केलं. "ह्यो काय म्हनतो? ह्यो व्हता ना तिथं. बोरीखाली बसला व्हता. ह्याचे कान तं शाबूत हायेत."

२००३ साली तुम्ही दोघं ऑफिसात आला होता, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं. तुला आठवत असेल. "मशीन बिघडलं तं बिघडू दे, तू सांग ना," असं म्हणाले होते. मी तेव्हा म्हणालो, मामा, आजकाल पुराव्याशिवाय कुणी ऐकत नाही. तू त्यावर उठलास. मी महिनाभर एक फाइल उघडत बसलो, ती उघडली, दोनदा बदलली, पूर्ण केली. ते कामच नव्हतं असं मी म्हणणार नाही. मामीसाठी ते काम होतं. पण चार वर्षं ज्याची गरज होती ते काही बंद फायलीत अडकलेलं नव्हतं.

मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडलो, "सोमवारी सांगतो, मामा! तहसीलात!"

"सांगतो म्हंजे?" ते म्हणाले. "आज सांग की. म्हातारीम्होरं सांग."

मग तिथंच, मामीसमोर, सगळं सांगितलं. ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे आशाबाईच्या दारातल्या बायकांनीही ऐकलं. कुणीतरी म्हणालं, "पेपरवाला काहून बोंबलून राहिला?" मामी म्हणाली, "बोंबलू दे. लई दिसाचं हाय."

हे पत्र पोस्टानं वेळेत पोचणार नाही, म्हणून मामीपाशी ठेवतो आहे. तू उद्या रात्रीच्या गाडीनं नांदेडला उतरशील असं ती म्हणते. मी तिला खात्री आहे का विचारलं, तर म्हणाली, "येतो म्हनला न्हाई. येत न्हाई असं बी म्हनला न्हाई."

सोमवारचं असं आहे. अकराला पुकारा होईल, साहेब वेळेवर येतात. थोरल्यानं अण्णांना आणायला जीप ठरवली आहे, वकील हिंगोलीचा आहे. काकूनं आज निरोप पाठवला, दुपारचं जेवण तहसीलसमोरच्या हॉटेलात करू नको, डबा पाठवते. कुणाच्या जीपनं तो डबा येणार, हे तिनं कळवलं नाही.

मामांचं झालं की मला बोलावतील. वकील पहिला प्रश्न विचारेल, समोरच्या उकंडरावांशी तुमचं नातं काय. ते सोपं आहे, सख्खा पुतण्या. मग विचारेल, तुम्ही स्वतः तिथं हजर होता का, काय ऐकलं. तेही सांगेन, आज एकदा सांगून झालं आहे. तिसरा प्रश्न लालसिंगनी मला आधीच बजावून ठेवला आहे. ते म्हणाले, हा विचारल्याशिवाय कुठलाच वकील सोडत नाही. चार वर्षं तुम्ही गप्प का होता?

अण्णा समोर बसलेले असतील. त्याचं उत्तर अजून तयार नाही. मधे एक रविवार आहे.

विश्वंभर